दाणा, वैरण आणि वेढा : सोलापूर परगण्यातील युद्धे व रयत

सोलापूरचा भुईकोट किल्ला बहमनी राजवटीत, चौदाव्या शतकात उभा राहिला, असे सामान्यतः मानले जाते. दुहेरी तट, तीन बाजूंना खंदक आणि पूर्वेस सिद्धेश्वर तलावाचे पाणी अशी त्याची रचना असून, बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी अनुयायांच्या श्रमातून लोकोपयोगासाठी सिद्ध केलेला हा तलाव पुढे एका लष्करी ठाण्याची चौथी बाजू राखण्याच्या कामी आला. भीमा आणि सीना या नद्यांच्या खोऱ्यांतील हा सपाट, काळ्या मातीचा, अवर्षणप्रवण प्रदेश अहमदनगर आणि विजापूर या दोन राजधान्यांच्या दरम्यान पडत असल्यामुळे सोळाव्या आणि सतराव्या शतकांत दख्खनमधील जवळजवळ प्रत्येक मोठे सैन्य या ना त्या वेळी येथून गेले. किल्ल्याच्या या काळातील इतिहासात वेढ्यांची नोंद वारंवार येते. परंतु या वेढ्यांची खरी झळ तटाच्या आतील शिबंदीपेक्षा तटाबाहेरच्या पेठेला आणि परगण्यातील गावांना लागली, आणि ती बहुतांशी तोफेने नव्हे तर दाणा, वैरण व पाणी यांच्या मार्गाने लागली, ही बाब राजकीय इतिहासाच्या मांडणीत सहसा मागे पडते.

बहमनी सत्तेच्या विघटनानंतर सोलापूर झैनखान या सरदाराकडे होते. त्याचा भाऊ ख्वाजा जहान परांड्यास असे आणि दोघांमध्ये अकरा परगण्यांची वाटणी झालेली होती. १५११ च्या सुमारास आदिलशाहीचा कारभारी कमालखान याने सोलापुरास वेढा घातला व सुमारे तीन महिन्यांनी किल्ला त्याच्या स्वाधीन झाला. या किल्ल्याबरोबर येणारे साडेपाच परगणे पुढील अर्धशतकभर निजामशाही आणि आदिलशाही यांच्या कलहाचे कारण ठरले. १५२४ मध्ये इस्माईल आदिलशाहाची बहीण मरियम हिचा विवाह बुऱ्हाण निजामशाहाशी झाला तेव्हा सोलापूर आंदण म्हणून देण्याचे ठरले होते. ते दिले गेले नाही आणि युद्ध जुंपले. पुढे तालीकोटच्या लढाईपूर्वीच्या तहात हुसेन निजामशाहाने आपली कन्या चांदबीबी अली आदिलशाहास दिली, तेव्हा तेच सोलापूर उलट दिशेने आंदण गेले. मधल्या काळात ते लढून घेतले गेले होते, १६२५ मध्ये निजामशाहीच्या मलिक अंबरने पुन्हा घेतले, १६३६ च्या तहाने ते विजापूरकडे परतले आणि १६६८ मध्ये १,८०,००० होनांच्या मुलखासह मोगलांकडे गेले. आंदण असो वा तह, त्या कागदावर परगण्याची किंमत वसुलाच्या आकड्यात लिहिली जाई, आणि तो वसूल ज्या शेतातून यावयाचा ते शेत प्रत्येक हस्तांतराच्या वेळी तुडवले जाई.

वेढा म्हणजे केवळ तटाभोवती मोर्चे लावणे, सुरुंग खणणे किंवा दमदमे, म्हणजे तोफा चढवण्यासाठी मातीचे उंच ढिगारे, रचणे नव्हे. वेढा घालणाऱ्या सैन्यास एका जागी महिनोन्महिने राहावे लागते आणि तेथेच त्याची अडचण सुरू होते. चालते सैन्य रोज नव्या गावातून दाणा उचलते. थांबलेले सैन्य मात्र पहिल्या काही दिवसांत जवळचे सारे संपवते आणि मग त्याला दररोज अधिक लांब जावे लागते. घोड्यांना चंदी, म्हणजे हरभरा किंवा कुळिथाचा खुराक, लागे. बैल, उंट आणि हत्ती यांना वैरण लागे. आणि स्वयंपाकाला सरपण लागे. ही सामग्री आणण्यासाठी छावणीतून रोज निघणाऱ्या टोळीला मराठी लष्करी परिभाषेत ‘कही’ म्हणत. कहीवर गेलेले लोक उभे पीक कापत, घराचे वासे सरपणासाठी उतरवत आणि गावाच्या पांढरीत, म्हणजे वस्तीच्या जमिनीत, पुरलेली पेवे हुडकत. पेव हे जमिनीखालचे धान्याचे कोठार असून त्यात ज्वारी वर्षानुवर्षे टिकते. दुष्काळी प्रदेशातील शेतकऱ्याचा तो एकमेव विमा होता. पीक गेले तर एक वर्ष जाते. पेव गेले तर पुढच्या अवर्षणाला तोंड देण्याची ताकदच जाते.

येथे सोलापूरच्या शेतीचे एक वैशिष्ट्य लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण दख्खनच्या लष्करी इतिहासात त्याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. मोहिमांचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होई, आणि ज्या भागात खरीप हे मुख्य पीक असे तेथे तोवर पीक हाताशी आलेले असे किंवा काढणीस टेकलेले असे. सोलापूर, मंगळवेढा, बार्शी या पट्ट्यात मात्र मुख्य पीक रब्बी ज्वारीचे. तिची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि काढणी माघ-फाल्गुनात. म्हणजे सैन्ये ज्या महिन्यांत फिरत, नेमक्या त्याच महिन्यांत येथील वर्षाचे अन्न हिरवे उभे असे, आणि हिरवी ज्वारी ही घोड्यांची वैरण असते. कोकणातला किंवा मावळातला शेतकरी भात झोडून डोंगरात नेऊ शकत असे. मंगळवेढ्याच्या सपाटीवरील शेतकऱ्याजवळ नेण्यासारखे काही नसे आणि लपण्यासारखा डोंगरही नसे.

शत्रूच्या सैन्याइतकेच, काही प्रसंगी त्याहूनही अधिक, नुकसान स्वतःच्या राज्यकर्त्यांनी केले. विजापूरच्या संरक्षणाची ठरलेली पद्धत अशी होती की शत्रू जवळ येत आहे असे दिसताच राजधानीभोवतीचा प्रदेश स्वतःच उजाड करावयाचा, जेणेकरून वेढा घालणाऱ्यास दाणापाणी मिळू नये. १६३१ मध्ये शाहजहानचा सेनापती आसफखान विजापुरावर आला तेव्हा याच कारणाने त्याला सुमारे वीस दिवसांत वेढा उठवावा लागला. ते वर्ष १६३० च्या अवर्षणानंतरचे, म्हणजे दख्खन व गुजरात यांना होरपळून काढणाऱ्या महादुष्काळाचे होते. त्याच सुमारास बार्शीच्या पश्चिमेस असलेल्या परांड्याचा मोगली वेढाही वैरणीच्या अभावी उठला. शाहजहानचा अधिकृत इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने या दुष्काळाचे जे वर्णन केले आहे त्यात बोकडाच्या मांसाच्या नावाखाली कुत्र्याचे मांस विकले गेल्याचा आणि पिठात हाडांचा चुरा मिसळल्याचा उल्लेख आहे. दरबारी लेखणीने आपल्या धन्याच्या काळाविषयी इतके लिहावे, यावरून प्रत्यक्ष स्थितीचा अंदाज करता येतो. परंतु दुष्काळाला त्याने पावसाशी जोडले, आपल्याच सैन्यांच्या हालचालींशी नाही. वेढा उठवून परतणाऱ्या आसफखानाने कृष्णाकाठची रायबाग-मिरजेकडील सुपीक गावे लुटली, ही गोष्ट त्याच इतिहासात पराक्रमाच्या सदरात येते.

१६३६ मध्ये मोगली फौजा तीन दिशांनी आदिलशाहीत शिरल्या. त्यांपैकी खानजहानची फौज सोलापूरच्या बाजूने आली, आणि तिन्ही फौजांना मुलूख उद्ध्वस्त करण्याचा स्पष्ट हुकूम होता. विजापूरकरांनी उत्तरादाखल राजधानीच्या परिसरातील रहिवाशांना तटाच्या आत आणले, बाहेरचे धान्य नष्ट केले आणि शाहपूरच्या तलावाचे पाणी सोडून दिले. १६६५ च्या अखेरीस मिर्झाराजा जयसिंग पुरंदरच्या तहानंतर विजापुरावर निघाला तेव्हा हाच प्रकार अधिक काटेकोरपणे घडला. त्याच्या सैन्याने डिसेंबरात मंगळवेढे घेतले आणि महिनाअखेरीस ते विजापूरपासून बारा मैलांवर पोहोचले. या मोहिमेत शिवाजी महाराज त्याच्याबरोबर होते. परंतु विजापूरकरांनी तोवर तलाव फोडले होते, विहिरी निकामी केल्या होत्या आणि झाडेही तोडून टाकली होती. वेढ्याच्या तोफा सोबत नसलेल्या जयसिंगाला जानेवारी १६६६ च्या आरंभी माघार घ्यावी लागली. लष्करीदृष्ट्या हा विजापूरचा निर्विवाद विजय होता. मात्र फोडलेला तलाव एका पावसात बांधला जात नाही, आणि विहिरी निकामी झालेल्या गावाला आपल्या सुलतानाने जिंकल्याचा आनंद कितपत झाला असेल याचा विचार करण्याचे कारण बखरकारांना वाटले नाही.

या परंपरेचा शेवट १६८५-८६ च्या वेढ्यात झाला. १ एप्रिल १६८५ रोजी मोगली सरदारांनी विजापूरच्या तटासमोर मोर्चे उघडले, जूनमध्ये शहाजादा आझम तेथे दाखल झाला आणि औरंगजेबाने मे महिन्यातच सोलापुरास मुक्काम टाकला होता. पुढे वर्षभराहून अधिक काळ सोलापूर हे या वेढ्याचे कोठार राहिले. विजापूरकडे जाणारा दाणा, दारूगोळा आणि खजिना येथून निघत असे, म्हणून सोलापूर व भोवतालचे परगणे लढाईच्या मैदानापासून दूर असूनही वेढ्याच्या पोटात होते. बादशाही छावणीच्या बाजारात धान्याचा भाव चढला की गावातले धान्य भावाच्या मागे छावणीत जाते, आणि विकणारा शेतकरी क्वचितच श्रीमंत होतो. श्रीमंत होतो तो मधला व्यापारी.

ही वाहतूक मुख्यतः बंजारा किंवा लमाण समाजाच्या तांड्यांवर चाले. तांडा म्हणजे कुटुंबकबिल्यासह बैलांवर धान्य लादून फिरणारा समूह. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात पाहिलेल्या एका तांड्यात १४,००० बैल होते. दख्खनमधील बंजाऱ्यांच्या काही शाखा आसफखानाच्या मोहिमेबरोबर या प्रदेशात आल्याची परंपरा सांगितली जाते. युद्ध करणाऱ्या दोन्ही पक्षांना तांड्यांची गरज असल्यामुळे त्यांना सामान्यतः लुटले जात नसे. मात्र तांड्याच्या बैलांना चरायला लागणारे गवत हेसुद्धा कुणाच्या तरी गायरानातूनच येई.

तरीही आझमच्या छावणीत उपासमार सुरू झाली, कारण विजापूरच्या स्वारांनी आणि त्यांच्या मदतीस आलेल्या फौजांनी सोलापूरचा रस्ता तोडला होता. बादशहाने त्याला परत येण्याची मुभा दिली असता आझमने ती नाकारली. अखेर गाझीउद्दीनखान फिरोजजंग याने हजारो बैलांवर धान्य लादून, वाटेत लढत, ते छावणीत पोहोचवले. याच सरदाराने पुढे बेरडांचा प्रमुख पाम नायक याने पाठवलेल्या सहा हजार बेरड पायदळास गाठून कापून काढले. हे लोक रात्रीच्या अंधारात विजापूर शहरात धान्य नेत होते आणि ते धान्य त्यांच्या डोक्यावर होते. मोगली इतिहासात हा प्रसंग शत्रूची कुमक मोडल्याचा म्हणून नोंदला आहे, आणि तो तसा होताही; पण त्या रात्री शहरात न पोहोचलेला प्रत्येक भार कोणत्या घरात जाणार होता हे पाहिले तर सैनिक आणि सामान्य नागरिक यांच्यातील रेषा वेढ्यात किती पुसट होते ते ध्यानी येते. तटाच्या आतले धान्य आधी शिबंदीला मिळे, मग सरदारांच्या घरांना, आणि उरले तर शहराला.

१४ जून १६८६ रोजी औरंगजेब सोलापुराहून निघाला आणि ३ जुलैस विजापूरजवळ पोहोचला. शहरातील उलेमांचे एक शिष्टमंडळ त्याला भेटले व मुसलमानांनीच मुसलमानांवर युद्ध का करावे, असा प्रश्न त्यांनी केला. संभाजी महाराजांना विजापूरने आश्रय व साहाय्य दिल्याचे कारण बादशहाने पुढे केले. १२ सप्टेंबर १६८६ रोजी तरुण सिकंदर आदिलशाहा शरण आला. त्या वेळी आत लढण्यायोग्य सुमारे दोन हजार माणसे राहिली होती, आणि माणसे व घोडी उपासमारीने मोठ्या संख्येने मेली होती. साडेसतरा महिन्यांच्या या काळात शहराच्या परिसरात एक संपूर्ण रब्बी हंगाम आणि दोन पावसाळे गेले होते.

शरणागतीने लोकांचे हाल संपले नाहीत. १६८८ मध्ये विजापुरात गाठीच्या प्लेगची साथ पसरली. बादशहाची बेगम औरंगाबादी महल तिला बळी पडली, फिरोजजंगाची दृष्टी गेली आणि असंख्य सामान्य लोक दगावले. वेढ्याने खंगलेली माणसे, उद्ध्वस्त पाणीपुरवठा, आणि लाखो माणसे व जनावरे यांची फिरती छावणी हे सारे एकत्र आल्यावर साथ पसरायला अनुकूल परिस्थिती निर्माण होते, याचे ज्ञान त्या काळी नव्हते. साथीचा संबंध ग्रहनक्षत्रांशी किंवा दैवी कोपाशी जोडला गेला. उपासमारीने किती मेले आणि साथीने किती, हे वेगळे काढणे अशक्य आहे आणि त्याचा हट्टही धरू नये, कारण ज्याचे शरीर पहिलीने पोखरले त्याला दुसरीने नेले.

यानंतर औरंगजेबाची छावणीच या प्रदेशाचे मोठे संकट झाली. १६९५ च्या वसंतात इटालियन प्रवासी जेमेली करेरी याने गलगल्यास ती पाहिली. तिचा घेर त्याने तीस मैल, बाजार अडीचशे आणि एकूण माणसे पाच लाख सांगितली आहेत. हे आकडे ऐकीव असल्याने त्यांवर अक्षरशः भरवसा ठेवू नये, परंतु प्रमाण समजण्यास ते पुरेसे आहेत. त्याच वर्षी ही छावणी मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी माचणूर-ब्रह्मपुरी येथे आली, त्या जागेचे नाव इस्लामपुरी ठेवले गेले आणि १६९९ च्या ऑक्टोबरपर्यंत बादशाही दरबार तेथेच राहिला. तत्कालीन सोलापूर शहराच्या कित्येक पटींनी मोठे असे हे नगर काहीही पिकवत नव्हते, फक्त खात होते. मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने दख्खनच्या युद्धांत दरवर्षी एक लाख माणसे आणि तीन लाख जनावरे मरत असल्याचे व शेतांतून झाडे आणि पिके जाऊन हाडे उरल्याचे लिहिले आहे. त्याचे आकडेही अतिशयोक्त असू शकतात. झाडांविषयीचे निरीक्षण मात्र कहीच्या कार्यपद्धतीशी तंतोतंत जुळते.

रयतेचे हित आणि वेढ्याची गरज यांतील विरोध राजनीतिशास्त्रकारांना ठाऊक नव्हता असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वेढ्याच्या प्रकरणात माणसांशिवाय जनपद नाही आणि जनपदाशिवाय राज्य नाही, म्हणून जिंकलेल्या प्रदेशातील लोकांना अभय द्यावे, असा आशय येतो. आणि लगोलग शत्रूची पेरणी, पीक व रसद नष्ट करण्याचा सल्लाही येतो. ही विसंगती सोडवण्याचा प्रयत्न तेथे नाही. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांना पाठवलेले पत्र या संदर्भात वेगळे ठरते. दाणा व वैरण आधीच बेतून वापरा, रयतेच्या घरातून काडीही उचलू नका, अन्यथा लोकांना मोगल परवडले असे वाटेल, असा त्याचा रोख आहे. छावणीचा स्वभाव ओळखणाऱ्या माणसाचे हे पत्र असून, त्याच्या पुढच्या काळातील मराठी फौजांनी ते किती पाळले याचे उत्तर मात्र गौरवास्पद नाही. पश्चिमेकडेही स्थिती फारशी निराळी नव्हती. १८६३ च्या अमेरिकी लीबर संहितेने सशस्त्र वा निःशस्त्र अशा शत्रूला उपाशी ठेवणे वैध मानले आणि वेढ्यातून बाहेर काढलेल्या नागरिकांना परत आत लोटण्याची मुभाही सेनापतीला दिली. लेनिनग्राडचा १९४१ ते १९४४ चा वेढा होऊन गेल्यानंतरही एका जर्मन सेनानीस या मुद्द्यावर न्यूरेम्बर्गला दोषी धरता आले नाही, कारण तत्कालीन कायद्यात तशी मनाई नव्हती. नागरिकांची उपासमार हे युद्धाचे साधन म्हणून वापरण्यास स्पष्ट बंदी आली ती १९७७ मध्ये, जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या ५४ व्या कलमाने.

सोलापूर जिल्ह्याच्या लोकस्मृतीत यांपैकी कोणताही वेढा ठळकपणे उरलेला नाही. उरले आहेत ते मंगळवेढ्याचे दामाजीपंत, ज्यांनी बहमनी काळातील दुष्काळात सरकारी कोठार भुकेल्यांसाठी उघडले अशी कथा आहे. तिच्यातील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी कोठार कोणाचे हा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी आहे, आणि कोठारे सैन्यासाठी राखणाऱ्या राजवटींच्या प्रदेशात याच कथेने पिढ्यानुपिढ्या जीव धरावा यात आश्चर्य नाही.

सोलापूरचा शेवटचा वेढा १८१८ च्या मे महिन्यातला. इंग्रजांच्या जनरल मन्रोच्या सैन्याने १० मे रोजी शिड्या लावून पेठ घेतली, पेशव्यांचे गणपतराव पानसे यांची बाहेरची फौज मोडली, पळणाऱ्यांचा पाठलाग केला आणि काही दिवसांत किल्लाही घेतला. वेढा अल्पकाळचा असल्याने उपासमारीची वेळ आली नाही; परंतु पहिला आघात पेठेवर झाला हा क्रम बदलला नव्हता, कारण किल्ल्याला भिडण्याचा मार्ग दुकानांतून आणि घरांतूनच जात होता.

अशा प्रत्येक उलथापालथीनंतर नव्या सत्तेला प्रथम माणसे परत आणावी लागत. परागंदा झालेल्या रयतेला उपद्रव होणार नाही असे आश्वासन देणारा कौल, म्हणजे अभयपत्र, पाटील-कुलकर्ण्यांच्या नावे निघे. पडीक जमिनीवर इस्तावा लावला जाई, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा घेऊन तो काही वर्षांत पायरीपायरीने पूर्ण दरावर नेला जाई. गावचा मिरासदार परतला नाही तर त्याची जमीन उपरी कुळाला, म्हणजे बाहेरून आलेल्या शेतकऱ्याला, लावून दिली जाई, आणि मूळ मालकाचा वारस दहा-वीस वर्षांनी उगवला की वतनाचे तंटे सुरू होत. महजरांमध्ये, म्हणजे गोतसभेपुढच्या निवाड्यांमध्ये, वादी आपली मालकी सिद्ध करताना धामधुमीत कोण कोठे गेले, कोण मेले आणि गाव किती वर्षे ओस पडले होते हे तपशिलाने सांगतो. वेढ्यांचा नागरी इतिहास लिहायचा झाल्यास तवारिखांपेक्षा या तंट्यांच्या कागदांतच तो अधिक सापडण्याजोगा आहे.